लोखंडाकरिता ड्रिल यंत्राचा वेग कमी करणे

अवजारांची दुरुस्ती घरीच करण्याची हौस सभासद बंधूंत वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु सुतारकामाकरिता घेतलेले ड्रिल यंत्र तसेच लोखंडावर चालविल्याने बिटामागून बिट जळते, आणि पेरणी तोंडावर आली असता पाभरीचे काम अडून राहते. दोष बहुधा बिटाचा नसून वेगाचा असतो.

मऊ पोलादावर हायस्पीड बिटाच्या धारेचा वेग मिनिटास सुमारे २५ मीटर असावा. १२ मिलिमीटर जाडीच्या बिटाचा घेर सुमारे ३८ मिलिमीटर; तेव्हा त्यास मिनिटाला ६६० फेरे पुरेत. नेहमीची चार ध्रुवांची मोटार मात्र १४४० च्या सुमारास फिरते. दोन्ही पुल्या सारख्या असल्यास वेग दुपटीहून अधिक होतो, बिटाची कड निळी पडते आणि धार जाते. आमचा सारा जन्म आणेवारीच्या हिशेबात गेला. हा हिशेब त्याहून पुष्कळ सोपा आहे.

कित्येक जण पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहतात. ही युक्ती आम्हांस मुळीच पसंत नाही. दाब कमी केल्याने मोटारीचा जोर वेगाच्याही आधी जातो व ती तापून जळण्याचा संभव असतो. खरा उपाय पट्ट्याचाच. मोटार व ड्रिलचा दांडा यांच्यामध्ये बेअरिंगांवर एक आडपुलीचा दांडा बसवावा. मोटारीवर ३ इंची पुली व मधल्या दांड्यावर ९ इंची घातल्यास तो ४८० फेरे फिरेल. त्याच दांड्यावर दुसरी ३ इंची पुली घालून ड्रिलवर ६ इंची बसविली, की २४० फेरे मिळतात. एवढ्यात एक इंची बिटही सुखाने चालते. मधला दांडा सरकता ठेवावा, म्हणजे दोन्ही पट्टे ताणता येतात. पट्ट्यांवर पत्र्याचे झाकण अवश्य असावे.

मात्र ३ मिलिमीटरच्या बारीक बिटास अडीच हजारांहून अधिक फेरे लागतात. याकरिता जुन्या पुल्या टाकून देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट. वेग सहापट घटला, तर पिळाचा जोर जवळजवळ सहापट वाढतो. भोक आरपार होतेवेळी बिट अडकून हाती धरलेली पट्टी गरकन फिरते आणि बोटे कापली जातात. काम शिकंजात आवळूनच धरावे, हातमोजे घालू नयेत. पोलादावर तेल सोडीत जावे. बिडास ते लागत नाही.