अंक निघत राहावा म्हणून

मे १९९६मध्ये ‘फर्स्ट मंडे’ हे नियतकालिक सुरू झालं. इंटरनेटविषयीचं, आणि इंटरनेटवरच निघणारं. वाचकाला वर्गणी नाही, लेखकाला शुल्क नाही. एरिक रेमंड यांचा मुक्त सॉफ्टवेअरवरचा गाजलेला निबंध त्याच्या मार्च १९९८च्या अंकात आला होता. तो आजही वाचता येतो. मधल्या काळात त्याच्याखालचं यंत्र मात्र पार बदललं. आधी सुट्या एचटीएमएल पानांचे फोल्डर होते, मग ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’, म्हणजे ओजेएस आलं आणि लेखांचे पत्ते बदलले. असं प्रत्येक स्थलांतर कोणीतरी बसून, एकेक लेख नव्या जागी लागला का ते बघत पार पाडलेलं असतं.

ओजेएसचं काम सांगायला सोपं आहे. लेखक लेख पाठवतो, संपादक तो परीक्षकांकडे धाडतो, दुरुस्त्या आणि मुद्रितशोधन होतं, अंक लागतो आणि मागचे अंक जपले जातात. हे सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये घडतं. शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक जॉन विलिन्स्की यांनी १९९८मध्ये कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’ सुरू केला. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांना वाचता यावं, हा त्यामागचा आग्रह. नव्या शतकाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत त्यातून ओजेएस बाहेर पडलं. ते मोफत आहे आणि त्याचा स्रोत कोणालाही पाहता, बदलता येतो. २०२० साली जगात किमान २५,६७१ नियतकालिकं त्यावर चालू होती, असं याच प्रकल्पातल्या संशोधकांनी मोजलं. त्यातली सुमारे ऐंशी टक्के आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडच्या देशांमधली होती. इंडोनेशिया त्यात सर्वांत पुढे.

यातली पुष्कळ नियतकालिकं कोणत्याही प्रकाशनसंस्थेची नाहीत. विद्यापीठाचा एखादा विभाग, एखादी अभ्यासकांची संस्था, आठ-दहा माणसं, इतकाच कारभार. लेखक आणि वाचक या दोघांकडूनही पैसे न घेणाऱ्या नियतकालिकांचा मोठा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. जगात अशी १७,००० ते २९,००० नियतकालिकं असावीत आणि त्यातली सुमारे साठ टक्के स्वयंसेवकांवर विसंबून आहेत, असं त्यात आढळलं. संपादन करायला माणसं मिळतात, लेख तपासायलाही मिळतात. सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायला बहुधा एकच माणूस असतो, आणि संपादक मंडळाच्या यादीत त्याचं नाव क्वचित दिसतं.

नवी आवृत्ती घ्यायचीच कशाला, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत हमखास निघतो. चाललंय ना व्यवस्थित! अडचण अशी की ओजेएस एकटं उभं नसतं. ते पीएचपी या भाषेत लिहिलेलं आहे आणि पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते. ५.६ची मुदत ३१ डिसेंबर २०१८ला संपली, ७.४ची २८ नोव्हेंबर २०२२ला. त्यानंतर त्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत. सर्व्हर ज्याचा असतो तो कधीतरी जुनं पीएचपी काढून टाकतो आणि त्या दिवशी नियतकालिकाच्या जागी कोरं पांढरं पान दिसतं. पावसाआधी कौलं चाळली नाहीत तर घर पहिल्या सरीलाच गळतं, तशीच ही गत.

उशीर केला की काम नुसतं वाढत नाही, त्याचा प्रकारच बदलतो. ओजेएसची तिसरी पिढी २०१६मध्ये आली. दुसऱ्या पिढीवर राहिलेल्या नियतकालिकाला आज थेट सर्वांत नव्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधल्या एखाद्या आवृत्तीवर उतरावं लागतं. त्या मधल्या आवृत्तीला जुनं पीएचपी लागतं आणि शेवटच्या आवृत्तीला नवं. म्हणजे आधी वेगळ्या यंत्रावर जुन्या काळाचा सगळा सरंजाम उभा करायचा, तिथवर यायचं आणि मग पुढचा टप्पा घ्यायचा. ज्याने दर वर्षी थोडं थोडं केलं, त्याच्या वाट्याला हे येत नाही.

प्रत्यक्ष अपग्रेडची आज्ञा एका ओळीची आहे. ती ब्राउझरमधून न देता कमांड लाइनवरून द्यायची, कारण मोठ्या नियतकालिकाला वेळ लागतो आणि ब्राउझर मध्येच दम तोडतो. पण ती देण्याआधी डेटाबेसची, लेखांच्या मूळ फाइलींच्या फोल्डरची आणि कॉन्फिगरेशनच्या फाइलीची प्रत हवी. नुसती घेतलेली प्रत पुरत नाही. ती दुसरीकडे उतरवून, उघडते का ते पाहिलेलं असावं. मग त्या प्रतीवर आधी सगळा प्रयोग करायचा. पूर्वी कोणी मूळ कोडमध्येच हात घालून मुखपृष्ठावर बोधचिन्ह हलवलं असेल, तर नव्या कोडसोबत तो बदल पुसला जातो. असे बदल थीममध्ये किंवा प्लगइनमध्ये करायचे असतात.

या कामातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे येतो. २०२३मध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीने डेटाबेसमधले संबंध काटेकोर केले. परीक्षण आहे तर परीक्षक हवा, लेख आहे तर तो ज्या नियतकालिकाचा आहे ते नियतकालिक हवं. जुन्या आवृत्त्यांनी याची सक्ती केली नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षांचा गाळ खाली साठलेला असतो: खातं काढून टाकलेल्या परीक्षकाचा अभिप्राय, चाचणीसाठी टाकून विसरलेला लेख, कोणत्याच विभागात नसलेली टिपणं. अपग्रेड यांपाशी अडतं. काही नोंदी ते स्वतः काढून टाकतं, काहींपाशी थांबून विचारतं. तो अनाथ अभिप्राय ठेवायचा की काढायचा, विभाग नसलेलं टिपण परिसंवादात धरायचं की पुस्तकपरीक्षणात, याचं उत्तर प्रोग्रॅमरकडे नसतं. ते फक्त संपादकाला माहीत असतं. म्हणून हे काम तांत्रिक माणसावर सोडून संपादकाने मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. हे संपादनच आहे, फक्त मागच्या अंकांचं.

लेखकांच्या नावांचंही तसंच. पूर्वी ओजेएसमध्ये पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे रकाने होते. २०१९च्या ३.१.२ आवृत्तीने मधलं नाव पहिल्यात विलीन केलं, आडनाव ऐच्छिक केलं आणि नाव एकापेक्षा जास्त भाषांमध्ये नोंदवायची सोय दिली. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी रीत आहे. दक्षिणेत आद्याक्षरं आधी येतात, आणि पुष्कळ माणसं आडनाव लावतच नाहीत. त्या सगळ्यांसाठी हा बदल फार चांगला होता. पण जुनी नावं आपोआप संकेतस्थळाच्या मुख्य भाषेच्या रकान्यात गेली. मुख्य भाषा मराठी ठेवली असेल आणि नावं रोमन लिपीत भरलेली असतील, तर ती रोमन नावं मराठीच्या रकान्यात जाऊन बसली. ती यादी वाचून, लेखक स्वतःचं नाव कसं लिहितो ते विचारून दुरुस्त करायला माणूसच लागतो. कोणाचं नाव कसं छापायचं ही बारीकसारीक बाब नव्हे.

देवनागरीची आणखी एक गोष्ट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचं असतं. जुन्या ओजेएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचा अक्षरसंच कोणता हे सांगायची ओळ असे आणि ती अनेकांनी मुळात होती तशीच ठेवलेली असे. डेटाबेस ते बाइट युरोपीय लिपीचे समजून साठवायचा, ओजेएस तसेच परत वाचायचं आणि पडद्यावर मराठी अगदी नीट दिसायचं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. अपग्रेडमध्ये त्यातली एक सुधारली की शीर्षकांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी चलनाचं गोल चिन्ह, अशी जोडी ओळभर दिसू लागते. मजकूर गेलेला नसतो, बाइट तेच असतात. पण घाबरून त्याच स्थितीत कोणी लेख उघडून ‘सेव्ह’ केला की गुंता खरा होतो. उपाय म्हणजे डेटाबेसची प्रत मूळ अक्षरसंचाने बाहेर काढून योग्य अक्षरसंचाने परत आत भरणं. त्यानंतर अपग्रेड. देवनागरीत नियतकालिक चालवणाऱ्या प्रत्येकाने, गरज पडो न पडो, हे एकदा प्रतीवर करून पाहावं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो. लेख पाठवायची जागा सगळ्या जगाला खुली असते, म्हणून फाइलींचा फोल्डर वेबवरून उघडेल अशा जागी ठेवू नये, हे ओजेएसच्या सूचनांमध्ये पहिल्यापासून आहे. ते न पाळल्यामुळे आणि जुनी भोकं न बुजवल्यामुळे इंडोनेशियातल्या कितीतरी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर जुगाराची पानं घुसवली गेली.

मिकाएल लाक्सो, लिसा मॅथियास आणि नाइको यान यांनी २०२१च्याच दुसऱ्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या काळात इंटरनेटवरून नाहीशी झालेली १७४ मुक्त नियतकालिकं शोधून दाखवली. कुठल्याच जतनव्यवस्थेत त्यांची पुरेशी प्रत नव्हती. सगळी काही सॉफ्टवेअरमुळे गेली नाहीत. निधी संपला, माणसं पांगली, डोमेनचं नूतनीकरण राहिलं. पण जतनाची वाटही अद्ययावत सॉफ्टवेअरमधूनच जाते. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं जतनजाळं ओजेएसवरच्या नियतकालिकांना मोफत आहे, अनेक ठिकाणी प्रती ठेवतं, आणि त्यासाठी आयएसएसएन लागतो, ठरावीक आवृत्तीच्या पुढचं ओजेएस लागतं. दहा वर्षं मागे राहिलेलं नियतकालिक, ज्याला या आधाराची सर्वांत जास्त गरज आहे, तेच त्याच्या बाहेर राहतं.

अपग्रेड झालं की पहिलं पान नीट दिसतं यावर समाधान मानू नये. सर्वांत जुन्या अंकातला एक लेख उघडावा, त्याची पीडीएफ उतरवावी, डीओआय दाबल्यावर तो त्याच लेखावर येतो का ते पाहावं. शोधात एखादं जोडाक्षर असलेलं नाव टाकावं. खोटं खातं काढून एक लेख पाठवून बघावा आणि पोच देणारा ईमेल येतो का ते पाहावं, कारण ईमेल बंद पडला तर लेखक महिनोन्‌महिने गप्प वाट पाहत बसतो आणि संपादकाला वाटतं, यंदा लेखच आले नाहीत. मग काय केलं, कुठे अडलं, प्रती कुठे ठेवल्या, पासवर्ड कोणाकडे आहेत हे लिहून दुसऱ्या एका माणसाच्या हाती द्यावं. आणि हे सगळं करणाऱ्याचं नाव संपादक मंडळात, संपादकांच्याच रांगेत छापावं.