सामना एक, कॅमेरे दोन

‘विम’ या एडिटरमध्ये एकच फाइल दोन खिडक्यांत उघडली, तर तिच्या दोन प्रती होतात का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

नाही होत. क्रिकेटचा सामना एकच असतो, कॅमेरे अनेक. विममध्येही मजकूर स्मृतीत एकाच जागी, बफरमध्ये असतो. खिडकी म्हणजे त्यावर रोखलेला कॅमेरा. कोलन देऊन ‘स्प्लिट’ लिहिलं, एंटर दाबलं, की पडदा आडवा दुभागतो. कंट्रोल-डब्ल्यूनंतर ‘जे’ दाबलं की खालची खिडकी, ‘के’ दाबलं की वरची. वर फंक्शन वापरलेली ओळ ठेवा, खाली हजार ओळी दूर असलेली त्याची व्याख्या. डोक्यात काही धरून ठेवावं लागत नाही. आणि कॅमेरा बंद केला म्हणून सामना थांबत नाही, तसा खिडकी मिटल्याने मजकूर पुसला जात नाही.

ही सोय विमच्या पूर्वजातच येणार होती! बिल जॉय यांनी बर्कलीत ‘व्हीआय’ लिहिला, तेव्हा ते ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. २४ ओळी आणि ८० स्तंभांचा पडदा पूर्ण भरायला मिनिटाहून जास्त वेळ! म्हणून तर व्हीआयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत. १९७८च्या अखेरीस जॉय त्यात अनेक खिडक्या घालत होते. टेप ड्राइव्ह बिघडलेला, बॅकअप नव्हता, तरी काम चालूच. अशातच सोर्स कोड खराब झाला आणि पूर्ण छापील प्रतही हाती नव्हती. जॉय जुन्या आवृत्तीकडे परतले आणि खिडक्या राहून गेल्या. १९८४च्या एका मुलाखतीत त्यांनीच हे सांगितलं आहे.

ही गोष्ट संगणकवाले आवडीने सांगतात. मला मात्र जास्त मोल वाटतं ते पुढे ते काम तडीस नेणाऱ्या ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरचं. १९९१मध्ये अमिगा संगणकासाठी त्यांनी विम प्रसिद्ध केला, १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत खिडक्या आणल्या आणि २००१च्या सहाव्या आवृत्तीत उभी विभागणी. विम मोफतच राहिला. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, एवढीच त्यांची विनंती होती. २०२३मध्ये ते गेले. बिल जॉय यांचं नाव जिथे घेतलं जातं, तिथे मोलेनार यांचंही तितक्याच आदराने घेतलं जायला हवं.