साहेब पाइपाशी अडले!

आम्हां डोंबिवलीकरांना साहस म्हणून वेगळे काही करावे लागत नाही. सकाळची जलद लोकल पकडली की दिवसाचा वाटा पुरा होतो! त्यामुळे ठाण्याच्या आमच्या कचेरीतल्या तरुण स्टोअरकीपरने ‘साहेब, एका रविवारी सगळे मलंगगडावर जाऊ या,’ असे सुचवले, तेव्हा मी विभागप्रमुखाला शोभेल असे हसून विषय टाळला.

पण मनात सल होता. मार्चअखेरीस आमच्या हिशेबात मोठा घोळ निघाला. चूक एका नव्या कारकुनाची. ती त्याला जानेवारीतच कळली होती. सांगितली मात्र मार्चमध्ये. का, म्हणून विचारले, तर खाली मान घालून म्हणाला, “तुम्ही रागवाल म्हणून.” आणि मी खरोखरच रागावलो! त्या दिवसापासून नऊ माणसे नऊ टेबलांवर चहा पिऊ लागली. शेवटी मीच स्टोअरकीपरला म्हटले, “ठरव तुझा रविवार.”

कल्याणहून बसने पायथा गाठला. दर्ग्यापर्यंत पायऱ्या आहेत, तिथवर सर्वांचा उत्साह दांडगा. पुढे वाट अरुंद होते आणि बालेकिल्ल्याच्या खाली कड्यातल्या पायऱ्या तुटलेल्या आहेत. मध्ये नुसती पोकळी आणि ती ओलांडायला एक लोखंडी पाइप! स्टोअरकीपर गिर्यारोहण शिकलेला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी दोर बांधले. जाणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दुसरे टोक धरणारा कड्याला पाय रोवून बसलेला. पुढचा सरकेल तसा त्याने दोर सोडायचा, पाय घसरला तर धरून ठेवायचा. टाळ्या पाइपावरच्या माणसाला मिळतात. जीव मात्र या बसलेल्याच्या हातांत असतो. त्याच्या मदतीला आमचे शिपाईमामा बसले. तीस वर्षे गठ्ठे बांधलेले हात ते!

माझी पाळी आली. पाइपावर एक हात ठेवला, खाली पाहिले, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला. मागे सारी कचेरी उभी. ‘वेळ फार झाला, आता परतू या,’ असे म्हणायचे अगदी ओठांवर आले होते. साहेबाला सबबींची वाण कधीच नसते. पण तोंडातून निघाले ते निराळेच. “मला भीती वाटते. मला हे जमायचे नाही.”

कुणी हसले नाही. मामा म्हणाले, “मग इकडे बसा, साहेब. दोर नीट सोडायला माणूस पाहिजेच.” मी बसलो. माझ्यानंतर तो नवा कारकून होता. तो म्हणाला, “मलाही वाटते, पण दोर धरा, मी जातो.” आणि गेला!

पुढे कळले की अलीकडे राहणे ही काही नामुष्की नव्हे. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक १५ मे २०१९ रोजी कांचनजुंगावर पोहोचले, ८,५८६ मीटर उंचीचे, जगातले तिसरे शिखर ते. त्या दहांत मोहिमेचे नेते उमेश झिरपे नव्हते. सर्वांच्या पुढे चालतो तोच नेता, हा माझा वीस वर्षांचा समज तिथे ढासळला. शॅकल्टनची गोष्ट तर त्याहून नवलाची. १९१५ साली दक्षिण ध्रुवाकडे त्याचे जहाज बर्फात चिरडले. तंबूंची वाटणी करताना कुरकुर करणारी माणसे त्याने मुद्दाम स्वतःच्या तंबूत घेतली. मी मात्र आमचा कुरकुर करणारा लेखापाल जिन्याजवळच्या कोपऱ्यात बसवला होता! शॅकल्टनसह जहाजावरची अठ्ठावीसही माणसे १९१६ साली जिवंत परतली.

लेखापालाचे टेबल आता माझ्या टेबलाशेजारी आहे. कुरकुर चालूच आहे. पण ती आता मला वेळेवर ऐकू येते.

परवा संध्याकाळी, फडके रोडवर कंदिलांची दुकाने मांडली जात होती त्या दिवसांत, तो नवा कारकून फाइल घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. “साहेब, कालच्या बिलात माझी चूक झाली आहे. बिल अजून गेलेले नाही.”

मी घड्याळ पाहिले. कुरिअरवाला यायला वीस मिनिटे होती.

“बस,” मी म्हटले, “आणि मामांना हाक मार.”