टेक्सासचा लढा आणि टोपीतला पुठ्ठा

अमेरिकेतलं टेक्सास हे राज्य जवळजवळ दहा वर्षं स्वतंत्र देश होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ठाऊक असतो तो अलामोचा किल्ला, आणि तोही जॉन वेनच्या १९६० सालच्या चित्रपटामुळे. खरं तर तो किल्ला नव्हेच, सॅन अँटोनिओतली धर्मोपदेशकांची जुनी वास्तू. मला या इतिहासात ओढून नेलं ते मात्र स्पॅनिश बोलणाऱ्या एका माणसानं. त्याचं नाव हुआन सेगीन.

१८२१ मध्ये मेक्सिको स्पेनच्या अमलातून सुटला, तेव्हा टेक्सास हा त्याच्या उत्तर सरहद्दीवरचा मुलूख होता. वस्ती विरळ, कोमांची टोळ्यांचा दरारा मोठा. वस्ती वाढावी म्हणून सरकारनं अमेरिकेतल्या लोकांना जवळजवळ फुकटात जमिनी दिल्या. स्टीफन ऑस्टिननं पहिली तीनशे कुटुंबं आणली. शेती कापसाची, म्हणून अनेकांनी गुलामही आणले. इथंच गाडं अडलं. १८२९ मध्ये मेक्सिकोनं गुलामगिरी रद्द केली, पण टेक्सासला सूट द्यावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकेतून येऊन वसण्यावर बंदी घातली, तरी लोंढा थांबला नाही. १८३५ मध्ये सांता आनानं प्रांतांचे अधिकार काढून घेतले आणि वणवा पेटला.

अधिकार गेल्याचा राग खोटा नव्हता. तिथल्या स्पॅनिशभाषक लोकांना, म्हणजे तेहानोंनाही तो होता. २ मार्च १८३६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५९ सह्या आहेत. त्यांतले टेक्सासच्या मातीत जन्मलेले दोघेच, नावारो आणि रुइस, दोघेही तेहानो! सहा मार्चला अलामो पडलं. सेगीन निरोप घेऊन आधीच बाहेर पडला होता, म्हणून वाचला. २१ एप्रिलला सॅन जॅसिंटो इथं सॅम ह्यूस्टनच्या फौजेनं दुपारच्या वेळी मेक्सिकन छावणीवर झडप घातली आणि अठरा मिनिटांत लढाई जिंकली. त्या दिवशी सेगीनच्या तुकडीनं टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोचले होते. आपल्याच बाजूच्या सैनिकांनी शत्रू समजून गोळी घालू नये म्हणून! तो पुठ्ठा काही माझ्या डोक्यातून जात नाही.

नव्या देशाच्या घटनेनं गुलामगिरी पक्की केली. आफ्रिकी वंशाचे लोक आणि मूळचे आदिवासी यांना नागरिकत्वातून वगळलं. गुलामांच्या सुटकेसाठी १९ जून १८६५ उजाडावा लागला. सेगीन सिनेटवर गेला. तिथं तो एकटाच तेहानो. त्याला इंग्रजी येत नव्हतं. कायदे स्पॅनिशमध्येही छापा, अशी त्याची मागणी होती. घरात दखनी आणि कागदावर मराठी, अशा दोन भाषांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही मागणी साधीसुधी वाटत नाही. ज्या कायद्यानं आपली जमीन राहणार किंवा जाणार, तो निदान वाचता तरी यायला हवा ना?

अमेरिकेत सामील होण्याचा कौल टेक्सासनं १८३६ मध्येच दिला होता. पण गुलामगिरीवाल्या आणि बिगर-गुलामगिरीच्या राज्यांचा तोल बिघडेल, शिवाय मेक्सिकोशी युद्ध ओढवेल, या भीतीनं वॉशिंग्टन चालढकल करत राहिलं. अखेर २९ डिसेंबर १८४५ रोजी टेक्सास २८वं राज्य झालं, आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं.

तोवर सेगीन टेक्सासमध्ये राहिलाच नव्हता. तो सॅन अँटोनिओचा महापौर होता. पण १८४२ मध्ये फितुरीचा संशय आणि जिवाला धोका, यांमुळे कुटुंबासह त्याला मेक्सिकोत पळावं लागलं. तिथं पर्याय दोनच, तुरुंग किंवा फौज. त्याच वर्षी तो मेक्सिकोच्या फौजेबरोबर टेक्सासविरुद्ध लढायला आला. युद्ध संपल्यावर परतला, काही वर्षं राहिला, पण १८९० मध्ये वारला तो सरहद्दीपलीकडच्या नुएव्हो लारेडोत. टेक्सासमधल्या एका गावाला त्याचं नाव १८३९ पासूनच आहे. त्याच्या अस्थी तिथं आणल्या १९७४ मध्ये, आणि पुरल्या त्यानंतर दोन वर्षांनी.