हैदराबादचे बलून केंद्र

स्थापना : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९६९ सालापासून हैदराबादेत कार्यरत असून, बलून येथून केवळ सोडले जात नाहीत, येथेच तयारही होतात.

प्रयोजन : ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण व दूर-अवरक्त किरण वातावरणातच शोषले जात असल्यामुळे, भूपृष्ठावरील दुर्बीण कितीही बलाढ्य असली तरी तिच्या हाती ते लागत नाहीत, म्हणून उपकरणे ३० ते ४० किलोमीटर उंचीवर, वातावरणाच्या वस्तुमानाचा सुमारे ९९ टक्के हिस्सा खाली राहील अशा स्थळी, न्यावी लागतात. अंतराळाची रूढ सरहद्द १०० किलोमीटरवर. तेव्हा काटेकोरपणे हे अंतराळ नव्हे.

सरंजाम :
- पॉलिथिलीनचे, कागदाहूनही पातळ आवरण, आत हायड्रोजन.
- खाली हवाई छत्री व उपकरणांची पेटी. प्रयोग संपताच दूरसंदेशाने बंध तोडतात; पेटी छत्रीच्या आधारे जमिनीवर येते.

मुख्य अडचण : उष्ण कटिबंधात सुमारे १७ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि तेथे प्लास्टिक ठिसूळ होऊन फाटण्याचे भय असते. धोका शिखरावर नव्हे, वाटेत.

अनुकूलता : भूचुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे विद्युद्भारित विश्वकिरणांचा व्यत्यय कमी.

दप्तरी नोंद : २००५ साली येथून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले, त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्याचे इस्रोने २००९ मध्ये जाहीर केले. पैकी एकीचे नाव आर्यभटांवरून, एकीचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यावरून.