उत्तर ध्रुवाच्या अंगणात जाताना

या स्मरणिकेसाठी प्रवासवर्णन लिहावे, असे संपादकांनी सुचविले. मी मात्र वर्णनाऐवजी चार उपयुक्त सूचना लिहीत आहे. २०२३ च्या एप्रिलअखेर आम्ही उभयता इंदूरहून स्वालबार्डला गेलो होतो. चाळीस वर्षे मधुमेहाचे रुग्ण तपासणारा मी तेथे एका साध्या निदानात चुकलो. ती चूक इतरांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

स्वालबार्ड हा नॉर्वेच्या उत्तरेचा, ७४ ते ८१ अक्षांशांदरम्यानचा द्वीपसमूह. लाँगइयरब्येन हे मुख्य गाव. वस्ती सुमारे अडीच हजार. त्याच्याही उत्तरेस न्यू-ऑलेसुंद येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. त्याची व्यवस्था गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

प्रथम कागदपत्रे. १९२० च्या करारानुसार या बेटांवर व्हिसा लागत नाही. परंतु विमान ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून सुटते आणि बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर आहेत. त्यामुळे परतताना शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो. व्हिसा किमान दोन प्रवेशांचा असावा.

बर्फावरील सफरीसाठी मार्च-एप्रिल, बोटीने फिरण्यासाठी जून ते ऑगस्ट हा काळ योग्य. साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. दिवेलागणच नसल्याने औषधांच्या वेळा गजर लावून पाळाव्यात. झोपेसाठी डोळ्यांवर पट्टी ठेवावी. अंगालगत लोकरी कपडे घालावेत, सुती नव्हेत. घामाने ओले झालेले सूत अंग गारठवते.

गावाबाहेर शस्त्रधारी वाटाड्याशिवाय जाऊ नये. २०२५ पासून ध्रुवीय अस्वलांपासून किमान ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे. कोल्हा जवळ आला तरी त्याला हात लावू नये. तेथील कोल्ह्यांत रेबीज आढळतो.

गावातले रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णास विमानाने जवळजवळ हजार किलोमीटरवरील ट्रोम्सोला न्यावे लागते. गरोदर स्त्रियाही प्रसूतीपूर्वीच मुख्य भूमीवर जातात. म्हणून शोधकार्य आणि हवाई स्थलांतर यांचा खर्च देणारा विमा अवश्य घ्यावा.

आता माझी चूक. तिसऱ्या दिवशी आम्ही कुत्र्यांच्या घसरगाडीतून निघालो. तापमान उणे १२ अंश. सौ. इन्सुलिन घेते, सकाळी तिने नेहमीचा डोस घेतला, पण न्याहारी जेमतेम केली होती. तासाभराने तिचे हात थरथरू लागले. “अगं, थंडी वाजते का?” मी विचारले. ती “हो” म्हणाली. मी आणखी एक शाल गुंडाळली. तरीही मनात शंका आली, म्हणून पाठपिशवीतला ग्लुकोमीटर काढला. तो गारठला होता. आकड्याऐवजी त्रुटीची खूण दिसली. थोड्या वेळाने ती जड जिभेने म्हणाली, “अहो, घर कधी येणार?” मी तिच्या हातमोज्यात बोटे घातली. तळवा घामाने चिंब होता!

साखर उतरली होती. बरोबरच्या गुळाच्या वड्या थिजून दगड झाल्या होत्या. वाटाड्याच्या थर्मासमधले गरम, गोड ब्लॅककरंट सरबत तिला घोटघोट पाजले. पंधरा मिनिटांनी तिने स्वतःच शाल नीट केली. त्या पंधरा मिनिटांत आसपास ना रस्ता होता, ना मोबाईलचा संपर्क.

म्हणून मधुमेहींनी इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर अंगालगतच्या खिशात ठेवावेत. बहुतेक ग्लुकोमीटर १० अंशांखाली भरवशाचे राहत नाहीत. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकून द्यावे. श्रमाच्या दिवशीचा डोस आधीच ठरवून घ्यावा. थर्मासमध्ये गोड पेय असावे. आजार वाटाड्यास निघण्यापूर्वीच सांगावा. आम्ही संकोचापायी सांगितला नव्हता. हिमदंश झालेली बोटे चोळू नयेत. पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ऊब द्यावी.

अलीकडे प्रवासासाठी प्रकृतीचा दाखला मागणारे रुग्ण आले, की सही करण्यापूर्वी मी विचारतो, “तुमच्यापासून रुग्णालय किती तासांवर असेल?” हा प्रश्न त्या सकाळी मी स्वतःलाही विचारला नव्हता. जरूर जावे, त्या शुभ्र शांततेला तोड नाही. मात्र थरथर दिसली की थंडीला दोष देण्यापूर्वी तळहात पाहावा.