वरागवांक : ओस पडलेला की पाडलेला?

पूर्व तुर्कस्तानात, व्हान शहराजवळच्या वराग डोंगराच्या उतारावर वरागवांक या आर्मेनियन मठाचे अवशेष आहेत. ११व्या शतकाच्या प्रारंभी वास्पुराकानचा राजा सेनेकेरिम आर्त्सरुनी याने तो उभारला. पुढे तेथे चर्चची संख्या वाढत गेली. ‘येदी किलिसे’ म्हणजे ‘सात चर्च’ हे त्याचे तुर्की नाव त्यावरूनच पडले.

मध्ययुगीन मठ म्हटले की तो काळाच्या ओघात ओस पडला असावा, असे आपण सहज धरून चालतो. वरागवांकचा इतिहास तसा नाही. १८५७ मध्ये म्कर्तिच ख्रिम्यान येथे मठाधिपती झाले; पुढे ते आर्मेनियन चर्चचे सर्वोच्च धर्मगुरू झाले. त्यांनी मठात शाळा काढली, छापखाना आणला. इस्तंबूलमध्ये सुरू केलेले ‘वास्पुराकानचा गरुड’ हे नियतकालिक १८५८ पासून ते येथूनच प्रसिद्ध करू लागले. म्हणजे आठशे वर्षांनंतरही मठ जिता-जागता होता.

१९१५च्या वसंतात, आर्मेनियन वंशसंहाराच्या काळात, ऑटोमन फौजांनी तो जाळला. उरल्यासुरल्या भिंतींना २०११च्या भूकंपाने तडे दिले. मराठीत ‘पडला’ आणि ‘पाडला’ यांत एका कान्याचा फरक आहे. वरागवांकच्या इतिहासात तो काना गाळून चालणार नाही.